राष्ट्रहिताचा ताळेबंद आणि सत्तेचा समतोल : १९७१ ने काय शिकवले?

नोव्हेंबर १९७१ मध्ये भारतातील टपालव्यवहारात एक लहानसा बदल झाला. पत्रावर नेहमीच्या तिकिटाबरोबर पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावणे आवश्यक झाले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या साहाय्यासाठी हा कर होता. त्या वर्षअखेरपर्यंत या निर्वासितांची संख्या सुमारे एक कोटीवर पोहोचली होती. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय आणि आसाममधील छावण्यांत माणसे दाटीवाटीने राहत होती आणि त्यांचा भार देशातील प्रत्येक पत्रलेखक पाच-पाच पैशांनी उचलत होता.

त्याच वर्षी जुलै महिन्यात दुसरी एक घटना घडली होती. अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर पाकिस्तानच्या दौऱ्यावर असताना त्यांचे पोट बिघडले असून ते नथियागली या थंड हवेच्या ठिकाणी विश्रांतीसाठी गेले आहेत, असे जाहीर करण्यात आले. प्रत्यक्षात ९ जुलैच्या पहाटे ते पाकिस्तानी विमानाने चीनच्या राजधानीकडे निघाले होते. तेथे त्यांनी पंतप्रधान चौ एन लाय यांच्याशी गुप्त वाटाघाटी केल्या. १५ जुलै रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी आपण चीनला भेट देणार असल्याची घोषणा केली आणि जग थक्क झाले.

निर्वासितांच्या छावण्या आणि किसिंजर यांचे पोटदुखीचे सोंग या दोन घटनांचा संबंध उलगडला, की आंतरराष्ट्रीय राजकारणातील दोन जड संज्ञांचा, 'राष्ट्रीय हितसंबंध' आणि 'सत्तेचा समतोल' यांचा, अर्थ समजू लागतो.

संकल्पना जुनीच

राष्ट्रे परस्परांशी कशी वागतात, या प्रश्नाचे उत्तर अनेक संस्कृतींनी आपापल्या परीने दिले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील मंडल सिद्धांतात मध्यभागी 'विजिगीषु' म्हणजे विजयाची इच्छा धरणारा राजा असतो. त्याच्या सीमेला लागून असलेला राजा हा स्वाभाविक 'अरि' आणि त्या अरीच्या पलीकडचा राजा स्वाभाविक 'मित्र' मानला जातो. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव ही सहा धोरणे कौटिल्याने सांगितली. त्यांपैकी कोणतेही कायमचे नाही. परिस्थिती पाहून ते स्वीकारायचे वा सोडायचे असते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांनीही कायमचे मित्र वा कायमचे शत्रू नसतात, हितसंबंध तेवढे कायमचे असतात, असा विचार मांडला. विसाव्या शतकात हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी त्याला सिद्धांताचे रूप दिले.

सत्तासमतोलाचे सूत्र थोडक्यात असे : एखादे राष्ट्र वा गट फार प्रबळ होऊ लागला, की इतरांना धोका वाटतो. मग ते आपले सामर्थ्य वाढवतात किंवा परस्परांशी हातमिळवणी करतात. अशा हातमिळवणीसाठी विचारसरणी जुळावीच लागते असे नाही. पोलादी पडद्याच्या दोन बाजूंची राष्ट्रेही एकत्र येऊ शकतात, तशीच एकाच विचारसरणीची राष्ट्रे परस्परांवर बंदुका रोखू शकतात. १९७१ मध्ये नेमके हेच घडले.

चार राजधान्या, चार हिशेब

डिसेंबर १९७० मधील पाकिस्तानच्या सार्वत्रिक निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने ३१३ पैकी १६७ जागा मिळवून स्पष्ट बहुमत संपादन केले. ही सत्ता पश्चिम पाकिस्तानातील लष्करी राजवट व राजकीय नेतृत्वाच्या पचनी पडली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली. पुढील नऊ महिन्यांत किती माणसे मारली गेली, याविषयी मतभेद आहेत. बांगलादेशचा अधिकृत आकडा ३० लाखांचा आहे, अन्य अंदाज त्याहून बरेच कमी आहेत. मात्र संहार भीषण होता, याविषयी दुमत नाही.

ढाक्यातील अमेरिकी वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी आपल्या सरकारला या संहाराची माहिती वारंवार कळवली. ६ एप्रिल रोजी त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी धोरणाशी असहमती नोंदवणारी तार वॉशिंग्टनला पाठवली आणि ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला. लोकशाहीचा गळा घोटला जात असताना अमेरिका गप्प का, असा तिचा आशय होता. निक्सन यांनी मात्र याह्याखान यांच्यावर तूर्त दबाव आणू नये, असा शेरा स्वहस्ते लिहिला. ब्लड यांना ढाक्यातून हलवण्यात आले.

याचे कारण वॉशिंग्टनच्या हिशेबात होते. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीवरील एका बेटावरून सोव्हिएत संघ आणि चीन यांच्या सैन्यात रक्तरंजित चकमकी झाल्या होत्या. साम्यवादी जगातील ही फूट म्हणजे अमेरिकेला चालून आलेली संधी होती. चीनला जवळ केले तर मॉस्कोवर दडपण येईल आणि व्हिएतनामच्या दलदलीतून बाहेर पडण्याचा मार्गही सुकर होईल, असा निक्सन व किसिंजर यांचा होरा होता. चीनशी संपर्क साधण्यासाठी त्यांनी याह्याखान यांची मध्यस्थी घेतली होती. ज्याच्या अंगणातून चीनचे दार उघडत होते, त्याला दुखावण्याची त्यांची तयारी नव्हती.

चीनचा हिशेब तितकाच रोखठोक होता. जगभरच्या मुक्तिलढ्यांचा कैवार घेणारा हा देश पूर्व बंगालमधील मुक्तिलढ्याच्या मात्र विरोधात उभा राहिला. उत्तरेला सोव्हिएत फौजा खड्या होत्या, दक्षिणेला १९६२ च्या युद्धानंतर शत्रू ठरलेला भारत होता. अशा स्थितीत पाकिस्तान दुबळा होणे चीनला परवडणारे नव्हते.

मॉस्कोचा विचारही निखळ मैत्रीचा नव्हता. १९६६ मध्ये ताश्कंद येथे भारत-पाकिस्तान समेट घडवून आणल्यावर सोव्हिएत संघ दोन्ही देशांशी संबंध राखू पाहत होता. १९६८ मध्ये त्याने पाकिस्तानला शस्त्रे देण्याचेही मान्य केले होते. भारताशी कराराची बोलणी १९६९ पासून सुरू होती, पण दिल्लीत घाई नव्हती. अमेरिका आणि चीन जवळ येत आहेत, हे स्पष्ट होताच मॉस्कोला दक्षिण आशियात भक्कम सोबत्याची निकड भासली.

चौथा हिशेब दिल्लीचा. एक कोटी माणसांना पोसण्याचा खर्च, सीमेवरील राज्यांतील सामाजिक तणाव आणि निर्वासित परत जाण्याची अंधूक आशा यांमुळे निष्क्रिय राहणे भारताला अशक्य झाले होते. निर्वासितांविषयीची कणव खरी होती. पण ती एकटी नव्हती. पाकिस्तानची दोन शकले झाली तर भारताच्या पूर्व सीमेवरील धोका कायमचा संपेल, हा विचारही होताच. संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांनी मार्च १९७१ अखेरीसच अशी संधी पुन्हा यायची नाही, अशा आशयाचे मत उघडपणे मांडले होते. नैतिक कर्तव्य आणि राष्ट्रहित एकाच दिशेला असण्याचा योग क्वचितच येतो. भारताच्या बाबतीत १९७१ मध्ये तो आला.

९ ऑगस्टचा करार

चीनने हल्ला केला तर आपल्यामागे कोण, हा दिल्लीपुढचा खरा प्रश्न होता. १९६२ मध्ये चिनी आक्रमणाच्या वेळी अमेरिकेने भारताला शस्त्रसाहाय्य दिले होते. मात्र पाकिस्तानशी होणाऱ्या युद्धात चीनने हस्तक्षेप केल्यास या वेळी तशा मदतीची अपेक्षा ठेवू नये, असे किसिंजर यांनी चीनहून परतल्यावर भारताचे राजदूत एल. के. झा यांना सूचित केले. जी भिंत पाठीशी असल्याचे गृहीत धरले होते, ती बाजूला सरकली होती.

त्यानंतर अवघ्या तीन-चार आठवड्यांत, ९ ऑगस्ट १९७१ रोजी, नवी दिल्लीत परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री आंद्रेई ग्रोमिको यांनी शांतता, मैत्री आणि सहकार्याच्या वीस वर्षांच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यातील नववे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. दोहोंपैकी एका देशावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाला, तर तो धोका दूर करण्यासाठी दोन्ही देश तातडीने विचारविनिमय करतील, असे त्यात म्हटले होते. शिवाय एका देशाशी सशस्त्र संघर्ष करणाऱ्या तिसऱ्या राष्ट्राला दुसरा देश कोणतेही साहाय्य देणार नव्हता.

हे कलम बारकाईने वाचले पाहिजे. संकटात सैन्य धाडण्याचे वचन त्यात नाही. वचन आहे ते विचारविनिमयाचे. त्यामुळे भारत कोणत्याही लष्करी गटात सामील झाला नाही, असे म्हणण्यास जागा राहिली. भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा सोव्हिएत संघ आदर करतो, असेही करारात स्वतंत्रपणे नमूद करण्यात आले. मॉस्को गप्प बसणार नाही, अशी शंका पेकिंगच्या मनात पेरण्यासाठी मात्र एवढे शब्द पुरेसे होते. प्रतिस्पर्ध्याला वाटणारी ही अनिश्चितता हेच समतोलाच्या राजकारणातील मोठे शस्त्र असते.

करारानंतरही मॉस्को युद्धाला उत्सुक नव्हते. सप्टेंबरअखेर इंदिरा गांधी यांनी मॉस्कोला भेट दिल्यानंतर सोव्हिएत भूमिका भारताच्या अधिक जवळ आली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांनी ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, अमेरिका आदी देशांचा दौरा केला. वॉशिंग्टनमधील निक्सन यांच्याबरोबरची भेट कटू ठरली. पण लंडन आणि पॅरिसमध्ये भारताची बाजू ऐकली गेली. त्याचे फळ लवकरच सुरक्षा परिषदेत दिसणार होते.

१०४ विरुद्ध ११

३ डिसेंबरला पाकिस्तानी हवाई दलाने भारताच्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व सैन्यमाघारीचा ठराव आला तेव्हा ११ देशांनी त्याच्या बाजूने मत दिले. सोव्हिएत संघ आणि पोलंड विरोधात गेले, तर ब्रिटन व फ्रान्स तटस्थ राहिले. अमेरिकेचे हे दोन निकटचे मित्र तिच्यामागे गेले नाहीत. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून ठराव रोखला. त्या महिन्यात भारताच्या बाजूने त्याने तीनदा हा अधिकार वापरला.

नकाराधिकार नसलेल्या आमसभेत ७ डिसेंबरला चित्र उलटे होते. युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने १०४ आणि विरोधात ११ मते पडली. दहा देश तटस्थ राहिले. विरोधातील अकरांत भारत, भूतान, क्यूबा, मंगोलिया आणि सोव्हिएत गटातील देश होते. ज्या अलिप्त चळवळीच्या उभारणीत भारताने पुढाकार घेतला, तिच्यातील बहुतेक राष्ट्रे, युगोस्लाव्हियासह, ठरावाच्या बाजूने गेली.

हा भारतद्वेष नव्हता. नव्याने स्वतंत्र झालेल्या बहुतेक देशांत कोठे ना कोठे फुटीर चळवळ होती. शेजाऱ्याच्या मदतीने एक प्रांत वेगळा होतो, हा पायंडा त्यांना आपल्याच घराला लावलेल्या सुरुंगासारखा वाटला. लहान राष्ट्रांचेही राष्ट्रहित असते. श्रीलंकेचे (तेव्हाचे सिलोन) उदाहरण बोलके आहे. एप्रिल १९७१ मधील तेथील तरुणांच्या सशस्त्र बंडाच्या वेळी भारताने मदत केली. त्याच सिलोनने, भारताने आपले आकाश बंद केल्यामुळे दक्षिणेकडून वळसा घालून ढाक्याला जाणाऱ्या पाकिस्तानी विमानांना कोलंबोत इंधन भरू दिले. एका मोठ्या शेजाऱ्यावर पूर्णपणे विसंबायचे नाही, हा त्यामागचा विचार. तो दिल्लीला बोचला, तरी समजण्यासारखा होता.

सातवे आरमार आणि गोठलेल्या खिंडी

युद्धाचे पारडे भारताकडे झुकताच वॉशिंग्टनमध्ये हालचालींना वेग आला. अमेरिकी निर्बंधांमुळे पाकिस्तानला थेट शस्त्रे देता येत नव्हती, तेव्हा जॉर्डनकडील अमेरिकी बनावटीची लढाऊ विमाने तिकडे जातील अशी व्यवस्था करण्यात आली. १० डिसेंबरला किसिंजर यांनी न्यूयॉर्कमध्ये चीनचे प्रतिनिधी हुआंग हुआ यांची गुप्तपणे भेट घेऊन भारताच्या सीमेवर हालचाली करण्यास चीनला उत्तेजन दिले. त्याच सुमारास अणुऊर्जेवर चालणाऱ्या 'एंटरप्राइज' या विमानवाहू युद्धनौकेच्या नेतृत्वाखाली सातव्या आरमारातील एक पथक बंगालच्या उपसागराकडे निघाले. मराठी माणसाच्या स्मरणात 'सातवे आरमार' हे शब्द पक्के बसले ते तेव्हापासून.

त्या वेळी बंगालच्या उपसागरात भारताची 'विक्रांत' होती. पुढे अनेक वर्षे मुंबईच्या समुद्रात तरंगते संग्रहालय म्हणून मुंबईकरांनी पाहिलेली हीच ती नौका. 'एंटरप्राइज'पुढे ती फारच लहान होती. पश्चिमेला ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या भारतीय क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या. मैत्रीचा लष्करी अर्थ काय असतो, हे त्यांनी आधीच दाखवून दिले होते. आता सोव्हिएत युद्धनौकाही हिंदी महासागरात अमेरिकी पथकाच्या मागावर आल्या.

चीन मात्र हलला नाही. हिमालयातील खिंडी बर्फाने गोठल्या होत्या. भारताने हिवाळ्यापर्यंत थांबण्यामागे हेही एक कारण होते. सप्टेंबरमध्ये माओंचे घोषित वारसदार लिन बियाओ यांचा संशयास्पद परिस्थितीत विमान अपघातात मृत्यू झाल्याने चिनी लष्करी नेतृत्वात उलथापालथ झाली होती. उत्तर सीमेवर सोव्हिएत फौजा होत्या. पाकिस्तानसाठी दोन आघाड्यांवर युद्धाचा धोका पत्करणे चीनच्या हिताचे नव्हते. मित्राला शब्दांचा आधार देऊन चीन थांबला.

मॉस्कोनेही आपली मर्यादा सोडली नाही. युद्ध लवकर आटोपावे आणि पश्चिम पाकिस्तानचा मुलूख घेण्याचा भारताचा इरादा नसावा, याची खात्री त्याला हवी होती. कारण अमेरिकेशी समोरासमोर भिडण्याची त्याची इच्छा नव्हती. १६ डिसेंबरला ढाक्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैद्यांसह शरणागती झाली आणि दुसऱ्याच दिवशी भारताने पश्चिम आघाडीवर एकतर्फी युद्धबंदी अमलात आणली. आपल्या दबावामुळे पश्चिम पाकिस्तान वाचला, असा दावा निक्सन व किसिंजर पुढे करीत राहिले. अनेक इतिहासकारांना तो मान्य नाही.

मैत्रीची किंमत

विजयाच्या वर्णनात एक गोष्ट सहसा मागे राहते. कोणताही संश्रय फुकट मिळत नाही. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. एका अलिप्त राष्ट्रावरील ही चाल होती. तरीही जानेवारी १९८० मध्ये आमसभेतील निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. १९७१ मधील तीन नकाराधिकारांचे ऋण त्या मौनात होते. पूर्व बंगालबाबत जगाच्या मौनाला दोष देणाऱ्या भारताला काबूलबाबत स्वतःचा स्वर खाली आणावा लागला.

मित्रांची यादीही बदलत गेली. अमेरिकेने एप्रिल १९७२ मध्येच बांगलादेशला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर चीनने आपला पहिला नकाराधिकार ऑगस्ट १९७२ मध्ये वापरला तो बांगलादेशच्या सदस्यत्वाविरुद्ध. मुजीब यांच्या हत्येनंतर दोनच आठवड्यांनी, ऑगस्ट १९७५ अखेरीस, त्याच चीनने बांगलादेशला मान्यता दिली आणि पुढे तो त्या देशाचा प्रमुख शस्त्रपुरवठादार झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांची सत्ता उलथून त्या भारतात आल्या, तेव्हा ढाका-दिल्ली संबंध ताणले गेले आणि ढाका-इस्लामाबाद संपर्क वाढला. स्वातंत्र्यलढ्यातील मदतीची कृतज्ञता हे परराष्ट्र धोरणाचे कायमचे अधिष्ठान होऊ शकत नाही, हे भारताला पुन्हा अनुभवावे लागले.

भारत-सोव्हिएत करार ऑगस्ट १९९१ मध्ये आणखी वीस वर्षांसाठी वाढवण्यात आला. डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. १९९३ मध्ये रशियाशी नवा करार झाला, पण त्यात नवव्या कलमासारखी सुरक्षेची हमी नव्हती.

आजचा संदर्भ

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा जुना पेच नव्या रूपात समोर आला. २ मार्चला आमसभेत निषेधाच्या ठरावाच्या बाजूने १४१ आणि विरोधात पाच मते पडली. तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा नगण्य होता. वर्षभरात तो एक तृतीयांशाच्या घरात गेला. स्वस्त तेल, रशियन बनावटीची शस्त्रसामग्री आणि रशिया पूर्णपणे चीनच्या कच्छपी जाऊ नये ही चिंता, असा तिहेरी हिशेब त्यामागे होता. दुसरीकडे चीनच्या वाढत्या बळाला तोल म्हणून भारत अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाबरोबर 'क्वाड'मध्ये सहभागी झाला. त्याच अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाच्या खरेदीवरून भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयातशुल्क लादले. दोन नावांवर पाय ठेवण्याची किंमत निर्यातदाराला आणि कारखान्यातील कामगाराला मोजावी लागली.

राष्ट्रहित हा शब्द उच्चारला, की चर्चा संपते असा समज आहे. वस्तुतः चर्चा तेथून सुरू व्हायला हवी. हे हित कोणाचे, किती काळासाठीचे आणि कोणाच्या जिवावर, हे विचारलेच पाहिजे. निक्सन यांचा चीनविषयक डाव त्यांच्या दृष्टीने यशस्वी झाला. पण त्याची किंमत पूर्व बंगालमधील माणसांनी मोजली. ज्या आर्चर ब्लड यांना अडगळीत टाकण्यात आले, त्यांच्या तारा आज त्यांच्याच देशात सनदी सेवकाच्या सचोटीचा नमुना म्हणून वाचल्या जातात. 

सत्तासमतोल युद्ध टाळू शकतो, लांबवू शकतो, एखाद्या दुबळ्या राष्ट्राला श्वास घेण्यापुरती जागा मिळवून देऊ शकतो. तो न्याय देतोच असे नाही. १९७१ मध्ये भारताने समतोलाचा उपयोग करून घेतला, कारण त्याने मित्राच्या शब्दांवर भिस्त न ठेवता मित्राचा हिशेब ओळखला होता आणि लष्करी तयारीसाठी आठ महिने थांबण्याचा संयम दाखवला होता. पाच पैशांचे ते तिकीट १९७३ मध्ये बंद झाले. निर्वासितांपैकी बहुसंख्य त्याआधीच आपल्या गावी परतले होते. त्या वर्षीच्या सर्व राजधान्यांतील सर्व हिशेबांत, सामान्य माणसाच्या बाजूने जमा झालेली ही सर्वांत मोठी रक्कम होती.